दाढेनंतरची पेज

अक्कलदाढ काढून माणूस घरी परततो तेव्हा दाताखाली कापसाचा बोळा असतो, हातात गोळ्यांची पुडी असते आणि अर्धा ओठ बधिर असतो. घरातल्यांना पहिला प्रश्न पडतो तो, 'आता हा खाणार काय?' प्रश्न रास्त आहे. दंतवैद्याचे काम तासाभरात उरकते. पुढचा आठवडा स्वयंपाकघराचा असतो.

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात खड्डा उरतो. त्यात रक्त साकळून गुठळी बनते आणि तिच्या आश्रयाने जखम भरू लागते. ही गुठळी अवेळी निसटली तर हाड उघडे पडते आणि दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. दंतवैद्य त्याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. खाण्यापिण्याची बहुतेक पथ्ये या गुठळीसाठीच आहेत, एवढे ध्यानात ठेवले की यादी पाठ करावी लागत नाही.

म्हणून शहाळे नळीने ओढून पिऊ नये, पेल्यात ओतून घ्यावे. पहिले २४ तास खळखळून चूळ भरू नये, थुंकू नये, कढत चहा टाळावा. त्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच तोंड धुवावे. बधिरता उतरेपर्यंत काहीही चावू नये. स्वतःचाच ओठ चावला गेला तरी कळत नाही.

मग खावे काय? आजाऱ्याच्या पथ्यात आपल्याकडे उत्तर तयार आहे. पहिल्या दिवशी गार दूध, गोड ताक, गार केलेली पेज, गाळलेले नाचणीचे सत्त्व. मुलांच्या आवडीचे साधे आइस्क्रीमही चालते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसते, त्याने घाबरून जाऊ नये. तेव्हा आसट भात, घोटलेले मुगाचे वरण, वर तूप, कुस्करलेले केळे. पुढे मऊ खिचडी, दुधात भिजवलेली पोळी, तीही दुसऱ्या बाजूने. चिवडा, शेंगदाणे, तीळ आणि तिखट रस्सा यांना जखम भरेपर्यंत रजा द्यावी.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. दुखते म्हणून अनेकजण दिवसभर उपाशी राहतात आणि वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेतात. मग दाढ बाजूला राहते आणि पोट जळू लागते. मधुमेह असलेल्यांनी तर अधिकच सावध असावे. गोळी किंवा इन्सुलिन नेहमीइतके आणि जेवण निम्मे, असे झाले तर साखर उतरून घाम सुटतो, भोवळ येते. औषधाचे प्रमाण दाढ काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट घरोघरी लपवली जाते. जेवण नको असते, पण चिमूटभर तंबाखू किंवा विडीचा झुरका हवा असतो. दाढदुखीवर मशेरी लावण्याची सवय तर कित्येक बायकांना आहे. ताज्या जखमेला यातले काहीही सोसत नाही.

दुखणे रोज थोडे थोडे कमी व्हायला हवे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढले, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर लवंगेचे तेल लावत घरी बसू नये. त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावे. पेजेची वाटी परत आल्यावरही पिता येईल.