संगणकाची नवी कार्यप्रणाली बसविताना अडथळा आल्यास

शाळेच्या दप्तराचा बराच भाग आता कपाटातून निघून संगणकात जाऊन बसला आहे. यू-डायस प्लसवर भरावयाची माहिती, वर्गवार पट, शालेय पोषण आहाराचे हिशेब, दाखल्यांचे नमुने, प्रश्नपत्रिका या सर्वांची मूळ जुळणी बहुधा कार्यालयातील एकाच यंत्रात असते. म्हणून त्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, बदलावयाची वेळ येते तेव्हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही, तो दप्तराचा होतो.

ही वेळ सध्या अनेक शाळांवर आली आहे. २०१५ साली निघालेल्या विंडोज १० या प्रणालीस सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. यंत्र त्या दिवशी बंद पडले नाही व पडणारही नव्हते. परंतु ज्या घराच्या कुलपाची दुरुस्ती करणारा कोणी उरला नाही, अशा घरात दप्तर ठेवण्यासारखी ही स्थिती आहे. साहजिकच विंडोज ११ बसविण्याचा प्रयत्न होतो आणि तो पुष्कळदा मध्येच फसतो. तो का फसतो व फसल्यावर काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. दप्तराची दुसरी प्रत यंत्राबाहेर काढून ठेविल्यावाचून या कामास हात घालू नये. ‘आपल्या फायली जशाच्या तशा राहतील’ असे आश्वासन पडद्यावर येते व ते बहुधा खरेही ठरते. तथापि ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची जी सुधारित आवृत्ती प्रसृत झाली, तिच्यामुळे काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’ इत्यादि कप्प्यांतील फायली नाहीशा झाल्या आणि कंपनीस ते वितरण काही दिवसांतच थांबवावे लागले. दुरुस्त केलेली आवृत्ती नोव्हेंबरात आली. गेलेल्या फायली मात्र प्रत्येकास परत मिळाल्याच असे नाही. पाचशे रुपयांच्या पेन ड्राइव्हने जे टळते त्यासाठी वर्षाचे काम पणास लावणे शहाणपणाचे नव्हे. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

अडथळ्यांचे सर्वांत साधे कारण असे की, यंत्र नव्या प्रणालीस पात्रच नसते. विंडोज ११ करिता ६४-बिट प्रोसेसर (तोही कंपनीच्या मान्य यादीतील, इंटेलच्या बाबतीत सामान्यतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबीची साठवण, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-चिप एवढे लागते. यांपैकी टीपीएमविषयी गैरसमज फार. ती चिप यंत्रात असते, परंतु बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते आणि यंत्र ‘अपात्र’ असा शेरा देते. इंटेलच्या यंत्रांत ती ‘पीटीटी’ या नावाने व एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ या नावाने लपलेली आढळेल. ती चालू करताच अपात्र यंत्र पात्र ठरल्याची उदाहरणे विपुल आहेत. कंपनीचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे साधन विनामूल्य असून नेमके कोठे अडते ते सांगते. पात्रतेची अट चुकवून प्रणाली बसविण्याच्या युक्त्याही प्रचारात आहेत. शाळेच्या यंत्रावर त्या करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतील याची हमी कंपनी देत नाही, आणि दुरुस्त्यांसाठीच तर हा सारा खटाटोप.

यंत्र पात्र असूनही काम फसते तेव्हा आत काय घडत असते, हे समजून घेतल्यास पुढचा मार्ग सुकर होतो. मुख्याध्यापकांच्या बदलीच्या वेळी कार्यभार सोपविण्याची जी रीत आहे, तिच्याशी हा प्रकार बराच जुळतो. पहिल्या टप्प्यात जुनी प्रणालीच कारभार पाहत असते. ती नव्या प्रणालीचे सामान उतरवून घेते व कोणती वस्तू कोठे आहे याची यादी करते. दुसऱ्या टप्प्यात जुनी प्रणाली बाजूस होते व एक लहानशी तात्पुरती प्रणाली, जणू प्रभारी, सूत्रे हाती घेते आणि सामानाची हलवाहलव करते. तिसऱ्या टप्प्यात नवी प्रणाली प्रथम रुजू होते व प्रत्येक उपकरणाची ओळख करून घेते. चौथ्या टप्प्यात वापरणाऱ्याची खाती, चित्रे व पसंती जागच्या जागी लावल्या जातात. यांपैकी कोठेही न जुळल्यास नवी प्रणाली माघार घेते व जुनी परत येते. पडद्यावर ‘पूर्वस्थिती आणीत आहोत’ अशा अर्थाची ओळ दिसली की शिक्षक घाबरतात. वस्तुतः ती दिलाशाची गोष्ट आहे. त्या वेळी वीज मात्र बंद करू नये.

माघारीनंतर यंत्र एक सांकेतिक क्रमांक दाखविते. तो पाहून खिडकी बंद करण्याची घाई होते. ती न करता क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा किंवा मोबाइलने त्याचे छायाचित्र काढावे. उदाहरणार्थ ‘०-एक्स-सी१९००१०१’ आणि त्यापुढे ‘०-एक्स-२००१७’ अशी जोडी येते. पहिला भाग रोगाचा प्रकार सांगतो व दुसऱ्या भागातील एक्सनंतरचा पहिला अंक टप्पा सांगतो. तेथे २ असल्यास गाडी प्रभारीपाशी अडली, ३ असल्यास नवी प्रणाली प्रथम रुजू होताना अडली, ४ असल्यास शेवटच्या मांडामांडीत अडली. सर्व क्रमांक पाठ करण्याचे कारण नाही. दोनच ओळखीचे असले तरी पुष्कळ काम भागते.

‘सी१९००१०१’ हा बहुतेक वेळा ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरण व प्रणाली यांमधील दुभाष्याचा, दोष असतो. जुन्या प्रिंटरचा किंवा प्रोजेक्टरचा दुभाषी नव्या प्रणालीची भाषा जाणत नाही व तेथे सगळे थांबते. यावर उपाय असा की, कळफलक, माऊस व पडदा एवढे सोडून बाकी सर्व वायरी काढाव्यात; बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस असल्यास तो तात्पुरता काढून टाकावा; यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या नमुन्याचे नवे ड्रायव्हर व बायोस घ्यावे आणि मग पुन्हा आरंभ करावा. एवढ्याने काम होण्याचा संभव मोठा आहे. दुसरा क्रमांक ‘०-एक्स-८००७००७०’. याचा अर्थ जागा अपुरी. मुख्य कप्प्यात २० जीबी तरी मोकळी ठेवावी. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ बहुधा तेथेच साठलेले असतात.

पुष्कळदा क्रमांकही दिसत नाही, केवळ टक्केवारी एका जागी खिळून राहते. अशा वेळी धीर धरणे हाच उपाय होय. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. जुन्या यंत्रास दोन-तीन तास सहज लागतात. बॅकअपसाठी यूपीएस नसेल तर हे काम वीज जाण्याचा संभव असलेल्या दिवशी काढूच नये. देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा गुरुवार पुणेकरांना चांगला परिचित आहे. यंत्राला मात्र तो ठाऊक नसतो.

यंत्र सुरूच न झाले तर? सलग दोन-तीन वेळा प्रारंभ फसल्यावर निळ्या रंगाचा दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथील ‘स्टार्टअप रिपेअर’, नुकतीच बसविलेली दुरुस्ती काढणे, व ‘सेफ मोड’ हे मार्ग निर्धोक आहेत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीतील एका सदोष फायलीमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातील सुमारे ८५ लक्ष विंडोज यंत्रे बंद पडली व भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. त्या यंत्रांपैकी पुष्कळ यंत्रे अखेर सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसूनच उठविली गेली. मात्र त्याच पडद्यावर ‘रीसेट’ म्हणून जो पर्याय असतो, त्यातील ‘सर्व काही काढून टाका’ हा मार्ग, दप्तर सुरक्षित असल्याची खात्री होईपर्यंत कोणीही स्वीकारू नये. दुकानातील मदतनीस तोच सुचवितो, कारण त्याच्या दृष्टीने तो अर्ध्या तासाचा असतो. प्रत काढलेली नसल्यास डिस्क बाहेर काढून यूएसबी-पेटीत बसवावी व दुसऱ्या यंत्रास जोडून फायली उतरवून घ्याव्यात. पुण्यात असे सामान बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात शोधावे.

यातही एक मोठी धोंड आहे. नव्या लॅपटॉपमध्ये ‘बिटलॉकर’ या योजनेने डिस्क कुलूपबंद असू शकते. बायोसमध्ये बदल केल्यावर यंत्र एकाएकी ४८ अंकी किल्ली मागते. किल्ली नसेल तर डिस्क काढूनही फायली वाचता येत नाहीत. ही किल्ली बहुधा ज्याने यंत्र प्रथम सुरू केले त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ते खाते एखाद्या शिक्षकाचे वैयक्तिक असेल आणि त्याची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली असेल, तर शाळेच्या दप्तराची किल्ली त्याच्याबरोबर गेली असेच म्हणावे लागेल. म्हणून बायोसला हात लावण्यापूर्वी ही किल्ली छापून घेऊन मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी.

नवी प्रणाली नीट बसली, फायलीही सुरक्षित आहेत, परंतु उघडून पाहावे तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे व चित्रविचित्र चिन्हे यांची जत्रा भरलेली, असा अनुभव मराठी शाळेस विशेषेकरून येतो. फाइल बिघडलेली नसते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी ज्या लिपी-प्रणाली वापरल्या जात, त्यांत पुण्याच्याच दोन प्रमुख होत्या: मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकची आयएसएम. त्यांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी वळणे बसविलेली असत. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते; यंत्र कोरे करून प्रणाली नव्याने बसविली व फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. तेव्हा जुन्या यंत्रातील फॉन्टचा कप्पा दप्तराबरोबरच उतरवून घ्यावा आणि पुढील काळासाठी मजकूर रूपांतरकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व विद्यार्थ्यांची नावे डोळ्यांनी तपासावीत. दाखल्यावरील एका रफाराची चूक पुढे त्या मुलास कचेऱ्यांचे खेटे घालावयास लावू शकते.

प्रणाली बसली तरी ती मानवेलच असे नाही. जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या कप्प्यात राखून ठेवलेली असते व सामान्यतः दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’तून तिच्याकडे परतता येते. त्या दहा दिवसांतच प्रिंटर, मराठी टंकलेखन व शासकीय संकेतस्थळांवरील नोंदी या तिन्ही गोष्टी चालवून पाहाव्यात. जागा मोकळी करण्याच्या भरात तो कप्पा पुसू नये.

जे यंत्र कोणत्याही उपायाने पात्र ठरत नाही, ते भंगारात काढण्यापूर्वी लिनक्सचा विचार व्हावा. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध करणाऱ्या सी-डॅकनेच डेबियन लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली सिद्ध केली. शाळांसाठी तिची ‘एज्युबॉस’ ही आवृत्तीही काढली. ४ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर टंकलेखन, हिशेब व संकेतस्थळे एवढे काम लिनक्स बऱ्यापैकी करते. पेन ड्राइव्हवरून ती न बसविताही चालवून पाहता येते, त्यामुळे निर्णय घाईने घ्यावा लागत नाही. तरीही यंत्र मोडीत काढणे भाग पडल्यास डिस्कवरील विद्यार्थ्यांची माहिती पूर्णपणे पुसावी, जडवस्तू संग्रह नोंदवहीत रीतसर नोंद घ्यावी आणि ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ प्रमाणे नोंदणी असलेल्या संस्थेसच ते सोपवावे.