गडगडाट न करणारं आभाळ

जुलैत टिटवाळ्याच्या फलाटावरून वर पाहिलं, तर पुष्कळदा ढग असा वेगळा दिसतच नाही. कडा नाही, उंचवटा नाही, सूर्य कुठे आहे याचा पत्ता नाही. सगळीकडे एकच करडा रंग आणि त्याखालून वाऱ्याबरोबर पळणारे फाटके, काळपट तुकडे. हा वर्षास्तरी ढग, म्हणजेच निंबोस्ट्रॅटस. झड लागते ती याची.

त्याच्यासारखे दिसणारे ढग आणखी आहेत. दुधी काचेआडून दिसावा तसा सूर्य फिकट दिसत असेल, तर तो मध्यस्तरी ढग. तो दाट होत सूर्य गडप झाला आणि धार लागली, की वर्षास्तरी झाला. खाली उतरलेल्या पातळ स्तरी ढगातून भुरभुरीपलीकडे काही पडत नाही. गर्जन्मेघाची जातच निराळी. ऑक्टोबरच्या संध्याकाळी वारा सुटतो, विजा कडाडतात आणि बहुधा तासा-दोन तासांत सगळं आटोपतं.

हा फरक हवा किती वेगाने वर चढते त्यावरून पडतो. गर्जन्मेघात ती सेकंदाला कित्येक मीटर उसळते, बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात आणि वीज तयार होते. वर्षास्तरी ढगात हवा सेकंदाला काही सेंटीमीटर इतकीच सरकते. म्हणून गडगडाट नाही, पण पाऊस तासन्‌तास आणि दूरवर पडतो. याउलट २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम ७४. एका शहरात एवढी तफावत उंच गर्जन्मेघच करू जाणे.

झडीमागे बहुतेक वेळा दोन गोष्टी जुळून आलेल्या असतात. दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असतो आणि बंगालच्या उपसागरातून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र मध्य भारताकडे सरकत असतं. मग अरबी समुद्रावरचे वारे जोर धरतात आणि सह्याद्री त्यांना वर ढकलतो. अशा करड्या थरात उंच ढगही दडलेले असतात. संततधारेत मध्येच कोसळणारी सर त्यांची.

टिटवाळ्याची काळू नदी माळशेजच्या बाजूने, मुरबाड तालुक्यातून येते. घाटात दिवसभर झड असेल, तर गावात पाऊस ओसरल्यावरही नदी चढत राहते आणि तिच्यावरचा रुंद्याचा पूल पाण्याखाली जातो. तेव्हा विजा नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, आणि पुलावर पाणी दिसलं तर गाडी घालू नका.