बाळाला दूध बाधते तेव्हा



मेहकर तालुक्यातील डोणगाव येथे आरोग्यभेटीला गेले असता एका आजीने मला आपला आठ महिन्यांचा नातू दाखविला. गाईचे दूध पाजल्यावर थोड्याच वेळात त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले व उलटी झाली होती. "ताई, आता बकरीचं दूध देऊन पाहते," आजी म्हणाल्या. मी त्यांना थांबविले. का, ते आपणा सर्वांनाही कळावे म्हणून लिहीत आहे.

आपल्या शरीरातील संरक्षक पेशी शेतावरच्या जागल्यासारख्या असतात. चोराला हाकलायचे, घरच्या माणसाला येऊ द्यायचे, हे त्यांचे काम. काही बाळांत त्या दुधातील केसीनसारख्या प्रथिनांनाच चोर समजतात. मग आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होऊन मास्ट पेशींवर बसतात. पुन्हा दूध पोटात गेले की या पेशी हिस्टामिन सोडतात. त्यामुळे गांधी उठतात, सूज येते, कधी श्वासही कोंडतो. बकरीच्या दुधातील प्रथिने बरीचशी तशीच असल्याने तेही बहुतेक वेळा बाधते. दूध उकळल्यानेही हा धोका टळत नाही.

आनंदाची गोष्ट अशी की बहुतेक मुलांचा हा त्रास वाढत्या वयात जातो. शरीरात जागल्याला आवरणाऱ्या पेशीही असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवून दिल्या आणि २०२५ साली त्यांना दोन अमेरिकन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. नॉर्वेमधील संशोधकांनी २००४ साली दूध उशिरा बाधणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ज्यांना दूध सोसू लागले होते, त्यांच्या रक्तात या पेशी अधिक आढळल्या. शरीर अशा रीतीने दुधाशी समेट करायला शिकते.

पण सवय व्हावी म्हणून घरी चमचा-चमचा दूध पाजून पाहू नये. ती परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. ओठ सुजून बाळाला धाप लागली किंवा ते मलूल पडले, तर लगेच १०८ ला फोन करावा.

उलट चूकही घडते. नुसते पोट फुगले किंवा एखादे पुरळ उठले की ॲलर्जी समजून दूध तोडले जाते व लेकरू वाळत जाते. म्हणून आधी निदान, मग पथ्य. आईचे दूध चालू ठेवावे आणि सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, भाज्या, अंडे द्यावे.

त्या बाळाला आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. आईचे दूध चालूच आहे. पुढच्या भेटीत आजींनी हसून विचारले, "मग केव्हा पिईल हा दूध?" मी म्हटले, "डॉक्टर सांगतील तेव्हा, आजी. थोडी वाट पाहू या."