थेट भेट, शत्रूचा शेवट!

रोगप्रतिकारक पेशी लांबून केमिकल मेसेज धाडतात, हे तुम्ही ऐकलं असेल. पण प्रश्न जगण्या-मरण्याचा असला की? मग त्या चक्क अंगाला अंग भिडवतात! चला, बघूया या ‘टच’मधली धमाल.

आधी आयडी दाखवा!
माहीत आहे का? सुट्या विषाणूकडे टी-पेशी ही रोगप्रतिकारक पेशी ढुंकूनही बघत नाही. आपल्याच एखाद्या पेशीनं एमएचसी या ‘आयडी’ रेणूत धरून विषाणूचा तुकडा समोर केला, तरच टी-पेशीची ट्यूब पेटते! हे शोधणाऱ्या पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांना १९९६चं नोबेल मिळालं. डोहर्टी तर शिकलेले जनावरांचे डॉक्टर!

आयडीच नाही? खेळ खल्लास!
काही लबाड पेशी एमएचसी लपवून टी-पेशीला चकवतात. पण ‘नॅचरल किलर’ पेशी नेमक्या अशांनाच हेरतात!

किती जवळ?
भेटीच्या जागी दोन पेशींमध्ये उरतात जेमतेम १५ नॅनोमीटर! केसाची जाडी याच्या हजारो पट. सिग्नल पुसत बसणारा सीडी४५ हा उंच रेणू तिथं मावतच नाही. तो बाहेर, सिग्नल सुरू!

सुपर सोशल!
लसिका ग्रंथीतली, असे तुकडे दाखवणारी एक डेंड्रायटिक पेशी तासाभरात शेकडो टी-पेशींना भेटते. तिचा शोध लावणारे राल्फ स्टाइनमन २०११च्या नोबेल घोषणेच्या तीनच दिवस आधी वारले. समितीला पत्ताच नव्हता, तरी पुरस्कार कायम राहिला.

भेटीत लचका!
टी-पेशी भेटता भेटता समोरच्या पेशीच्या आवरणाचा तुकडा तोडते आणि त्यातले रेणू स्वतःच्या अंगावर मिरवते. बोला!

भोक पाडा, पुढे चला!
किलर टी-पेशी परफोरिन या प्रथिनानं शत्रूपेशीला भोकं पाडते, ग्रॅन्झाइम ही मारक एन्झाइम्स आत सोडते. काम तमाम, नेक्स्ट!

ब्रेक फेल, कॅन्सर जेल!
टी-पेशीवरचा पीडी-१ हा ब्रेक कॅन्सरपेशी बिलगून दाबते. औषधानं ही मिठी सोडवता येते. अशा ब्रेकवरच्या संशोधनासाठी तासुकू होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना २०१८चं नोबेल! माहीत आहे का? ॲलिसन बँडमध्ये हार्मोनिका वाजवतात. बँडमध्ये कोण? इम्यूनॉलॉजीवाले!

मुंबईचा मॅजिक टच!
आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ या कॅन्सरवरच्या उपचाराला २०२३मध्ये भारतात मंजुरी मिळाली. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, कॅन्सर झालेल्या बी-पेशींवरचा सीडी१९ हा रेणू हेरणारा रिसेप्टर त्यांच्यावर चढवायचा आणि पुन्हा शरीरात सोडायच्या. म्हणजे औषध कोण? रुग्णाच्याच पेशी, फुल अपग्रेडसह!