पिवळ्या कडेला जेवू कोण घालतं?

मे महिन्यात पुसदचा पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, तेव्हा भरदुपारी कुंडीतली जास्वंद मान टाकते. तिच्या शेजारचा युक्का मात्र ताठ! हिरव्या पानांना पिवळी कड आणि टोकाला टोचणारा काटा. मूळचा हा अमेरिका खंडातला. पण आपल्या शेताच्या धुऱ्यावरचं घायपात आणि औषधातली शतावरी त्याच्याच कुळातली बरं का!

युक्काच्या 'अलोइफोलिया' जातीची युक्ती ऐका. पानांवरची बारीक छिद्रं ती मुख्यतः रात्री उघडते. दिवसा उघडली तर उन्हात पाणी उडून जाईल ना! रात्री कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि ऊन आलं की त्याचं अन्न करायचं.

पण मला खरं कुतूहल आहे त्या पिवळ्या कडेचं. अन्न बनवायला हरितद्रव्य लागतं, आणि कडेत ते फारच थोडं. मग तिला जेवू कोण घालतं? मधला हिरवा भाग! घरात कमावणारे कमी आणि खाणारे तेवढेच, तसं हे. म्हणून पट्टेदार युक्का साध्या हिरव्यापेक्षा हळू वाढतो. कधी त्याला पूर्ण हिरवा फुटवा येतो. तो वेळीच काढावा, नाहीतर भराभर वाढून पट्टेवाल्यांना झाकून टाकतो.

कड पिवळी होते कशी? नवी पानं जिथून निघतात त्या शेंड्यात पेशींचे थर असतात. बाहेरच्या थराने हरितद्रव्य बनवणं सोडलं, की त्या थरातून घडणारी कड फिकी पडते.

युक्काची पांढरी फुलं घंटेच्या आकाराची. अमेरिकेत एक छोटा पतंग परागकणांचा गोळा करून दुसऱ्या फुलात नेतो, तिथे अंडी घालतो आणि परागही स्वतःच भरतो. त्याच्या अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या रुजतात. कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी हे 1872 मध्ये उलगडलं. तो पतंग आपल्याकडे नाही. शिवाय पट्टे बियांतून सहसा उतरत नाहीत. म्हणून बुडातला पट्टेदार फुटवा किंवा खोडाचा तुकडाच लावायचा.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि युक्काची मुळं त्यात कुजतात. कुंडीत निम्मी वाळू आणि विटांचे तुकडे घाला, तळाला भोक हवंच. जमिनीत लावायचा तर उंचवट्यावर. माती पूर्ण सुकली की मगच पाणी. आणि पानांच्या टोकापासून डोळे सांभाळा!

आता एक प्रयोग. पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं पान आडवं कापून तुकडा वाळूत खोचा. काही महिन्यांनी शेजारी जे पिल्लू येईल, ते बहुधा साधं हिरवं असेल. कारण ते आतल्या, हिरव्या पेशींतून जन्मतं.