गाडी सुरू होत नाही? आधी कान द्या, मग हात लावा

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर पुरुषांचं काम. आम्हीही तसंच म्हणायचो.

आमच्या बचत गटाची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. पापड-मसाले बाजारात न्यायला आणि अडीनडीला दवाखान्यात जायला ती कामी येते. गेल्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता आळीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. तिला गाडीत बसवलं, चावी फिरवली, तर नुसतं टक-टक-टक. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. असा अर्धा तास गेला. मग कुणाला तरी १०८ आठवलं. रुग्णवाहिका आली, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण तो अर्धा तास आम्ही विसरलो नाही.

सकाळी मेकॅनिकनं बोनेट उघडलं. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी पूड साचली होती आणि वायरची पकड ढिली झाली होती. १० नंबरचा पाना घेऊन त्यानं पाच मिनिटांत काम संपवलं. त्या दिवशी आम्ही त्याला बसवून घेतलं आणि सगळं विचारून घेतलं.

पहिला धडा आमचा आम्हीच शिकलो होतो: घरात पेशंट असेल तर आधी १०८ ला फोन, मग बोनेट.

आता गाडीचं बोलणं कसं ओळखायचं ते पाहू. आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे का बघा, क्लच पूर्ण दाबा आणि चावी फिरवून ऐका.

काहीच आवाज नाही, दिवेही मंद किंवा बंद, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची वायर सुटली आहे. रात्रभर आतला दिवा चालू राहिला तरी असं होतं.

भराभर टक-टक आवाज येत असेल, तर बॅटरी कमजोर आहे किंवा टोकं ढिली आहेत. आमचं हेच झालं होतं.

दिवे झगझगीत आहेत पण एकदाच ‘खट्’ होऊन गाडी गप्प बसते, तर दोष बहुधा सेल्फमध्ये असतो. इथं मेकॅनिकच लागतो.

सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. आधी पेट्रोल आहे का बघा. असेल, तर पंप, फ्यूज किंवा स्पार्क प्लगची गडबड असू शकते. आपल्याकडे उंदीर वायरी कुरतडतात, तेही बघा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलुपाचं चित्र लुकलुकत असेल, तर गाडी चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून पाहा.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर होती तेवढी बॅटरीही जाते आणि सेल्फ तापतो.

टोकं साफ करताना गाडी बंद ठेवा. आधी काळी, म्हणजे उणे वायर काढा. लावताना तीच शेवटी लावा. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं पूड घासा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. टोकं कोरडी करून घट्ट बसवा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. हातात रबरी मोजे घाला, कारण ती पूड त्वचेला आणि डोळ्यांना चावते. बॅटरीजवळ विडी, काडी, दिवा अजिबात नको. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. उजेडाला टॉर्च घ्या.

दुसऱ्या गाडीवरून जोडणी करायची असेल, तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या हव्यात. लाल केबल आधी बंद गाडीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या गाडीच्या अधिक टोकाला. काळी केबल चांगल्या गाडीच्या उणे टोकाला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चांगली गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवा, मग आपली सुरू करा. केबल उलट क्रमानं काढा.

धक्का मारून गाडी सुरू करायची तर ती गिअरची हवी, ऑटोमॅटिक नको. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच सोडायचा. मात्र इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, म्हणून उतारावर हा प्रयोग करू नका. बॅटरी पुरती मेली असेल, तर नव्या गाड्या धक्क्यानंही सुरू होत नाहीत.

गाडी दारात उभी राहिली की बॅटरी उतरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालवा.

आता आमच्या गाडीत टॉर्च, १० नंबरचा पाना, रबरी मोजे आणि जंपर केबल कायम असतात. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशोब झाला की सगळ्याजणी मिळून एकदा बोनेट उघडा. अंधारात शोधायची वेळ येण्याआधी, उजेडात बॅटरी ओळखून ठेवा.