दफ्तर-उतारा म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे

लिलावात जुने स्विस घड्याळ घेतले आणि सोबत कंपनीचा दफ्तर-उतारा (कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून दिलेला कागद) मिळाला, की घड्याळ अस्सल ठरले असे अनेकजण धरून चालतात. उतारा बहुतेकदा सांगतो ते एवढेच, की अमुक क्रमांकाचे यंत्र अमुक साली तयार झाले. डबी, तबकडी, काटे त्याच यंत्रासोबतचे आहेत का, हे त्यातून खात्रीने कळत नाही. जुन्या स्कूटरचे आरसी बुक आठवा: इंजिन नंबर जुळला तरी टाकी दुसऱ्याच गाडीची असू शकते.

२०२१ साली जिनिव्हात १९५७ चे एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. दोन वर्षांनी खुद्द ओमेगानेच सांगितले, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते. भाग बहुतेक खरे, घड्याळ मात्र खोटे!

म्हणून जाणकार घड्याळजीकडून मागचे झाकण उघडून घ्यावे, तबकडी भिंगाखाली पाहावी. आकड्यांजवळचे रेडियमचे ठिपके तपकिरी पडलेले आणि काट्यांवरचा लेप पांढराशुभ्र असेल, तर काटे बदललेले किंवा लेप नव्याने भरलेला असण्याचा संभव मोठा. त्यात लबाडीच असेल असे नाही. साठ वर्षांत दुरुस्ती होतेच. विक्रेत्याने ती आधी सांगितली होती का, हे मात्र विचारावे.